जोडीचा तक्ता

मोह पडायला लागल्याचं माझ्या आधी माझ्या नाकाला कळतं. सकाळी सातच्या जादा तासाला दहावीची पोरं येऊन बसली की वर्गभर तो वास पसरतो, गोड, थोडा आंबूस, डोकं जड करणारा. मुलींच्या बोटांना असतो, मुलांच्या शर्टाच्या बाह्यांना असतो. तपासायला घेतलेल्या वहीची पानंही चिकटलेली निघतात. अंधार असतानाच मोहाच्या झाडाखाली वाकून, फुलं वेचून, टोपली घरी टाकून ही पोरं इथवर येतात आणि मी त्यांना विचारते, गृहपाठ का नाही केला.

आमचं हायस्कूल सालेकशाहून दरेकशाकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनच्या कडेला आहे. एका खिडकीतून रूळ दिसतात, दुसरीतून जंगल. मी याच शाळेत शिकले आणि आता इथेच गणित शिकवते. वीसेक वर्षांपूर्वी ज्या वर्गात मी दहावीला होते, त्याच वर्गाची मी आता वर्गशिक्षिका आहे. दरवर्षी मोह पडतो, दरवर्षी बोर्डाची परीक्षा येते, आणि दरवर्षी या दिवसांत माझं काहीतरी बिनसतं. स्वयंपाक करताना दोनदा मीठ पडतं. तपासलेला पेपर पुन्हा तपासते. नवरा म्हणतो, परीक्षा पोरांची आहे की तुझी. ते मलाही नक्की माहीत नाही.

यंदा तर मला जागेवर बसवेना. त्याला कारण होती रोशनी, आणि रोशनीचा सराव परीक्षेचा पेपर. बीजगणित, चाळीसपैकी नऊ. मी तो तपासला, बेरीज केली, आणि पेन हातात धरून बराच वेळ बसले. पोरगी कष्टाळू. आई मोहाला गेली की घरचं सगळं करून येणारी. नऊ गुण बघून ती दुसऱ्या दिवसापासून यायचीच नाही असं मला वाटलं. मग मी इथे एक पायरी बरोबर धरली, तिथे अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण दिले, आणि नवाचे सोळा केले. तिला हुरूप यावा म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं.

हुरूप आलाच. रोशनीने सोळा पाहिले, हसली, आणि जादा तासाला येणं बंद केलं. चार दिवसांनी बाजारात भेटली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "सकारी मोह पडून राह्यला ना मॅडम. आन् गनितात तं मी पास होऊन राह्यली. बाकीच्याचं पाहतो मंग."

बीजगणिताचा पेपर नऊ दिवसांवर होता. मी घरी आले आणि भाजीची पिशवी हातात तशीच ठेवून ओट्याजवळ उभी राहिले. रोशनी ही माझ्याच वर्गात दहावीला असलेल्या रामकलाची मुलगी. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरीही मी तेच केलं होतं.

रामकला म्हटलं की आधी टेंभरे सर आठवतात. सर आम्हाला गणित शिकवायचे आणि दहावीचे वर्गशिक्षक होते. आमगावहून पॅसेंजरने यायचे, स्टेशनपासून शाळेपर्यंत चालत. अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. छडी त्यांच्याकडे नव्हती. शिकवताना मालगाडी आली की काही ऐकू यायचं नाही, तेव्हा सर हात वर करायचे. त्याचा अर्थ, गाडी जाईपर्यंत फळ्यावरचं गणित डोक्यात सोडवा. गाडीचा शेवटचा डबा गेला की हात खाली यायचा आणि ते कुणालाही उठवायचे. त्यामुळे गाडी आली की आम्ही खिडकीबाहेर बघायचं विसरून गेलो होतो.

मोहाच्या दिवसांत पोरं गैरहजर राहतात म्हणून बाकीचे शिक्षक चिडायचे. सरांनी उलट जादा तासच पुढे ढकलला. "तुमचं झाड सुट्टी देईन तवा या," म्हणायचे. ऊन चढलं की मोह पडायचा थांबतो. मग नऊ-साडेनऊला आम्ही सगळे थेट झाडाखालून वर्गात. कुणाचं झाड कुठे आहे, कुणाच्या झाडाला यंदा फूल कमी आहे, हे त्यांना माहीत असायचं. आता माझ्या वर्गाची वेळ वरून ठरून येते. सातला तास सुरू झाला की सव्वासातला हजर मुलांचा फोटो ग्रुपवर टाकावा लागतो. मी फोटो नेमाने टाकते. मागच्या बाकावरची रिकामी जागा येऊ नये म्हणून मुलांना पुढे सरकवते.

सरांची सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे जोड्या. दिवाळीनंतर त्यांनी वर्गातल्या अठ्ठावीस पोरांच्या चौदा जोड्या लावल्या. एक गणितात बरा, एक कच्चा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता केला आणि मागच्या भिंतीवर लावला. दर शनिवारी वीस गुणांची चाचणी. जोडीत ज्याला कमी गुण, तेच गुण दोघांच्या नावासमोर लिहायचे. आम्ही हुशार मंडळींनी कुरकुर केली तेव्हा सरांनी शंकरपटाचं सांगितलं. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात आणि तो न पाहिलेलं पोरगं सापडायचं नाही. "पटात बैल धावत नाही गा, जोडी धावते," सर म्हणाले. "एक बैल लय पुढं निंगाला तं छकडा आडवा होते."

आणि ते चाललं, हे मला सांगायलाच हवं. शाळा बुडवून तळ्यावर मासे मारत बसणाऱ्या एका मुलाला त्याचा जोडीदार सायकलवर मागे बसवून आणू लागला. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी जोडीदाराशी भांडू लागली, तेही अपूर्णांकावरून. पोरं एकमेकांच्या घरी जायला लागली. सरांनी आम्हाला अभ्यास करा असं फारसं म्हटलंच नाही. दुसऱ्याचा अभ्यास घ्या म्हणाले, आणि आम्ही फुगलो.

माझी जोडीदार रामकला. तिचं घर अगदी जंगलाच्या कडेला. मोह सुरू झाला तसं सर म्हणाले, तिच्यासंग झाडाखाली जा, तिथेच अभ्यास होईल. मी गेले. पहाटे बाया एकमेकींना हाका मारत जायच्या, अस्वल असलं तर आवाजाने सरकावं म्हणून. झाडाखालचा पाला आधीच जाळून साफ केलेला असायचा. काळ्या भुईवर फिकट पिवळी फुलं टपटप पडत असायची. मी एका हाताने वेचायचे. रामकला म्हणाली, "दुसरा हात कायले ठेवला वो कमरेवर? तो का पाहुना आहे?" मी दोन्ही हातांनी वेचू लागले. मग माझी पाळी. मी समीकरण सांगायचे आणि ती वैतागायची.

"हा एक्स दर गनितात येगळा काऊन निंगते? कालच तं पाच होता."

मला याचं उत्तर देता येईना. मला एक्सने कधी त्रास दिलाच नव्हता, त्यामुळे त्यात समजावण्यासारखं काही असतं हेच मला कळत नव्हतं. मी म्हणाले, निघतो वेगळा, तू पाठ कर. ती पुन्हा फुलं वेचू लागली.

शनिवारी तिला वीसपैकी चार पडले. तक्त्यावर माझ्या नावासमोर चार. पुढच्या शनिवारी पाच. मला आयुष्यात गणितात इतके कमी गुण पडले नव्हते, आणि हे तर मला पडलेलेही नव्हते. येणारी-जाणारी पोरं तक्त्याशी थांबून माझं नाव मोठ्याने वाचायची. मला रामकलाचा राग येऊ लागला. तिच्या हाताला येणाऱ्या मोहाच्या वासाचासुद्धा.

त्याच आठवड्यात सर तिच्याजवळ बसले. तिने त्यांनाही तोच प्रश्न विचारला, कालचा एक्स आज कुठे गेला. सर हसले नाहीत. तिचीच रिकामी टोपली त्यांनी घेतली, आमच्याकडे पाठ करून तिच्यात मोहाची काही फुलं टाकली आणि वर आपला रुमाल झाकला. "आतमंदी किती हाये?" रामकला म्हणाली, मालूम नाही. "मालूम नाही, पन हाये ना? त्याचंच नाव एक्स. दर गनितात टोपली येगळी." मग त्यांनी झाकलेल्या टोपलीशेजारी तीन फुलं ठेवली आणि म्हणाले, सगळी मिळून अकरा आहेत. रामकला टोपलीकडे बघत राहिली. रुमाल न उचलता म्हणाली, "आठ." त्या शनिवारी तिने एक समीकरण एकटीने सोडवलं. तिचं पहिलं. गुण मात्र सहाच पडले, आणि मी फक्त ते सहा पाहिले.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी माझा पेपर बाकावर तिरका ठेवला. इतकंच. ती मागे बसायची, तिला सगळं दिसलं. वीसपैकी सोळा. सरांनी तक्त्यावर आमच्या नावासमोर सोळा लिहिले, मागे सरकून पाहिलं आणि म्हणाले, "वा. जोडी लागली." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला क्षणभर खरंच वाटलं, लागली. मग मी दर शनिवारी पेपर तिरका ठेवू लागले. आम्ही तक्त्यावर पहिल्या आलो. रामकला एकही दिवस चुकेना, मोह वेचून धापा टाकत यायची. आणि सर दुसऱ्या कच्च्या पोरांजवळ जाऊन बसू लागले, कारण तक्ता सांगत होता की रामकलाला आता गरज नाही.

बोर्डाच्या परीक्षेत तिचा नंबर दुसऱ्या खोलीत आला.

निकालाच्या दिवशी जून लागला होता. मला गणितात शाळेत सर्वांत जास्त गुण होते. रामकला त्या एकाच विषयात नापास. ती तिथेच व्हरांड्यात उभी होती, गुणपत्रिका उलटी धरून. सरांनी आम्हा सगळ्यांना वर्गात बोलावलं. मागच्या भिंतीवरचा तक्ता त्यांनी काढला, गुंडाळी केली आणि म्हणाले, "हे नापास नाही झाली. मी झालो. मी तक्ता पाहून राह्यलो होतो, पोरगी पाह्यलीच नाही." मी बाकावरच्या एका खाचेत नख घालून बसले होते.

नंतर मी हापशीवर पाणी प्यायला गेले तर सर तिथे आले. "तुले काही सांगाचं आहे का वो, वंदना?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मालगाडी आली. सरांनी सवयीने हात वर केला. कोळशाचे डबे एकामागून एक जात राहिले. सर माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा हात वरच होता. एवढा वेळ मला कुणी कधी दिला नव्हता. शेवटचा डबा गेला, हात खाली आला. मी म्हणाले, "नाही, सर."

"बरं," ते म्हणाले. "पुढं शिक."

त्यांनीच मला आमगावच्या कॉलेजात नेऊन दाखल केलं. मी शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळे, यात शंका नाही. रामकलाला ऑक्टोबरच्या परीक्षेला बसवायला ते दोनदा तिच्या घरी गेले. तिने दोन्ही वेळा सांगितलं, माहं डोकं नाही चालत त्याच्यात. सर दोन वर्षांपूर्वी वारले. मी मातीला गेले होते. त्यांनी शिकवलेली कितीतरी मंडळी तिथे होती, प्रत्येकाकडे सरांची एक गोष्ट होती. मलाही सांगायला सांगितलं. मी मालगाडीची सांगितली, हापशीजवळची सोडून.

गेल्या वर्षी गोंदियाला आमचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर एकामागून एक चित्रं, आणि प्रशिक्षक आपल्या गोंदियाच्या हिंदीत सांगत होते, "टीचर मतलब लीडर, मॅडम. लिखिए." शिक्षकाच्या नेतृत्वाचे अकरा गुण मी वहीत उतरवले. दूरदृष्टी, संवादकौशल्य, प्रोत्साहन, असं बरंच. सरांनी असलं प्रशिक्षण कधी घेतलं असेल असं वाटत नाही, आणि तरी अकरापैकी नऊ-दहा गुण त्यांच्यात सापडतील. पण मूल तुमच्यावर विश्वास ठेवतं तेव्हा काय करायचं, हे त्या यादीत नव्हतं. पुढे चालणाऱ्याच्या मागे पोरं येतात हे खरं. तो चुकीच्या वाटेला वळला तरी येतात. सर तक्त्याच्या कागदावर भाळले, आणि रामकलाला दहा वर्षांच्या शिक्षणातून एक झाकलेली टोपली तेवढी मिळाली. माझ्याकडे तर भाळायला कागदही नव्हता. नऊ माझ्याच हाताने लिहिलेले होते.

रोशनी बाजारात भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जादा तासाला एका सहकाऱ्याला बसवलं आणि सकाळी सहाच्या सुमारास स्कूटी काढली. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. एकदा फिरलेही, नाल्यापर्यंत. रोशनीला खरं सांगितलं आणि ती परीक्षेलाच बसली नाही तर? आठ दिवसांत नवाचे पास होण्यापुरते चौदा होतील असं वचन मी कुणाला देणार होते? न सांगावं तर ती सोळाच्या भरवशावर जाऊन बसणार. पेपर दप्तरात होता. मी पुन्हा जंगलाकडे वळले.

झाड तेच होतं. आता खाली पाला जाळत नाहीत, जुन्या साड्या अंथरतात. रामकला आणि रोशनी एका निळ्या साडीच्या दोन टोकांना बसून फुलं गोळा करत होत्या. मला पाहून रोशनी उठून उभी राहिली. रामकला म्हणाली, "काऊन वो, इकडं कुठं? बस."

मी बसले आणि शनिवारच्या चाचण्यांचा विषय काढला. तिला तिरका पेपर आठवत होता, ती कशी विसरेल. पण तिला वाटत होतं ते वेगळंच.

"मले वाटे, वंदना माह्यासाठी करते," ती म्हणाली. "म्हनून मी येत होतो शाळेत. मले वाटे, वर्गात माहं बी कोनी आहे."

"तुझ्यासाठी नव्हतं," मी म्हणाले. "माझ्या नावापुढे सहा दिसू नये म्हणून होतं."

रामकलाचे हात थांबले. "हे नोतं मालूम," ती म्हणाली. मग पुन्हा वेचू लागली, पूर्वीपेक्षा जोरात. तिने वर न बघता विचारलं, "आन् आज काऊन सांगून राह्यली?"

मी पेपर काढला. रोशनीला सांगितलं की हे सोळा खरे नाहीत, नऊ आहेत, वरचे मी घातले. का घातले तेही सांगितलं. तू खचशील अशी मला भीती वाटली. रोशनी पेपराकडे बघत राहिली. बोलली तिची आई.

"तुही दया आमच्याच घरी काऊन येते वो?"

साडीवर फुलं पडत होती. माझ्या मांडीवर एक पडलं, ते उचलून टोपलीत टाकायचंही मला सुचलं नाही. रोशनीने हात ओढणीला पुसले आणि माझ्या हातातून पेपर घेतला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला. मला वाटलं, आता फाडेल किंवा रडेल. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

"तुमचे सात कोनते, दाखवा," ती म्हणाली.

मी एकेक दाखवत गेले आणि ती माझ्याच लाल पेनाने त्यांच्याभोवती गोल करत गेली. शेवटचा गोल झाल्यावर तिने मोजले, सात भरले. मग पहिल्या गोलावर बोट ठेवलं. "हे नाही समजत मले. एक्स इकडं आला तं वजा काऊन होते?"

मी समजावू लागले. पक्षांतर, चिन्ह बदलणं, दोन्ही बाजू. माझं मलाच ऐकू येत होतं की मी तिला पाठ कर म्हणते आहे. रोशनी मान हलवत होती आणि तिला काही कळत नव्हतं. रामकला पाठमोरी वेचत होती. आम्ही तिथे आहोत हे तिला माहीतच नसल्यासारखी. मी तिसऱ्यांदा तेच वाक्य सुरू केलं तेव्हा ती उठली. हातातली टोपली माझ्यापुढे आणून ठेवली आणि कमरेचा पदर सोडून तिच्यावर टाकला.

"झाकून सांग तिले," ती म्हणाली. "तसं समजते."